लॅपटॉपचे खाडे

हिंगमिरे काकांनी कापडी पिशवीतून लॅपटॉप काढला, माझ्या काउंटरवर ठेवला, दोन पावलं मागे सरकले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. मी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, आतला पंखा खाकरला आणि पडद्यावर शिवलीलाचा कॉलेजच्या गॅदरिंगमधला फोटो आला.

“झाला की सुरू,” मी म्हणाले.

“इथे होतो,” काका म्हणाले. “आमच्याकडे होत नाही.”

त्या महिन्यातली ही त्यांची चौथी खेप. दर खेपेला हेच चाललेलं, घरी बंद आणि दुकानात चालू. रात्रभर किरकिर करणारं पोर डॉक्टरसमोर हसत-खेळत बसावं, तसा तो माझ्यासमोर गुणी होऊन बसायचा. मी तो उलटा केला, सुलटा केला, झाकण दहा वेळा उघडलं आणि मिटलं, बंद करून पुन्हा लावला. प्रत्येक वेळी शिवलीला हसत हजर.

काकांनी खिशातून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. काका पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. तक्रार तोंडी करायची नसते, लेखी द्यायची असते, अशी त्यांची श्रद्धा होती. चिठ्ठीवर वळणदार अक्षरात तारीख, वार आणि एकच वाक्य, ‘आज लॅपटॉप सुरू झाला नाही.’ खाली सही. मी या चिठ्ठ्या भिंतीवरच्या खिळ्याला टोचून ठेवत होते. लॅपटॉप मात्र काका घेऊन जायचे, कारण चालणारी वस्तू दुकानात ठेवून घ्यायला मला काही निमित्तच नसायचं.

ही २०१३ सालची गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते. बार्शीत भाजी मंडईच्या मागच्या गल्लीत, पिठाची गिरणी आणि शिंपी यांच्या मधल्या गाळ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पाटीवर माझंच नाव, ‘वैजयंता कॉम्प्युटर्स’. गिरणी सुरू झाली की माझ्याकडचा दिवा मंद व्हायचा, आणि संध्याकाळपर्यंत माझे केस पिठाने पांढरे झालेले असायचे. बाई स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसली आहे हे नुसतं बघायलाही लोक यायचे. कुणी खरोखर बंद पडलेलं मशीन आणायचं, कुणी माझी परीक्षा घ्यायला आणायचं. ‘तुमचे मिस्टर कधी भेटतील?’ असं विचारणारे निराळेच. मिस्टर नव्हतेच, त्यामुळे ते कधीच भेटत नसत.

अशा दुकानात एकच लॅपटॉप पुन्हा पुन्हा परत यावा, आणि तोही शिवलीलाचा, हे मला फार लागत होतं.

शिवलीला हिंगमिरे माझी बालवाडीपासूनची मैत्रीण. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे ती शिकायला पुण्याला गेली आणि तिथून ऑस्ट्रेलियात, पर्थला, एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. एकुलती एक मुलगी. जाताना आपला कॉलेजातला लॅपटॉप तिने आई-बाबांसाठी ठेवला, त्यावरून बोलायचं कसं हे दोघांना चार दिवस घोकून घेतलं, आणि एसटी स्टँडवर माझा हात धरून म्हणाली, “वैजू, आईचं तोंड बघायला मिळालं तरच मी तिकडे टिकेन. हा चालू ठेवायचं तुझ्याकडे.” मी म्हटलं, “जा निवांत.” स्टँडवर उभं राहून माणूस असली वाक्यं फार सहज बोलून जातो.

तीन वर्षं लॅपटॉप नीट चालला. पहिला बिघाड आला तो त्या वर्षीच्या फेब्रुवारीत, आणि तो अगदी खरा होता. बटण दाबलं की दिवा लागायचा, पडदा काळाच. कधी चौथ्या प्रयत्नाला सुरू व्हायचा, कधी अजिबात नाही. मी तो उघडला, आतली रॅमची पट्टी काढली आणि शाळेतल्या साध्या खोडरबराने तिची कड घासायला घेतली. आमच्या धंद्यातला हा पहिला उपाय. जुन्या पट्टीच्या टोकांवर मळ बसतो, खोडरबराने तो निघतो, निम्मे रोग तिथेच बरे होतात. काका बघतच राहिले.

“खोडरबर?” ते म्हणाले. “छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी टेबलावर खोडरबर ठेवला नाही. नोंदीत खाडाखोड करायची नसते.”

“ही नोंद नाही काका, हा मळ आहे.”

पट्टी परत बसवली आणि लॅपटॉप पहिल्या दाबात सुरू झाला. काका खूश होऊन गेले. मार्चच्या मध्यावर मात्र पुन्हा पिशवी घेऊन आले, आणि मग हे सत्र सुरू झालं.

मी माझ्या परीने सगळं केलं. पट्टी पुन्हा घासली, मग बदलली. आतली नाण्याएवढी बॅटरी बदलली, पंख्यातली धूळ काढली, चार्जरची वायर इंचाइंचाने वाकवून पाहिली. लॅपटॉप सोशिक माणसाच्या संयमाने सगळं सोसत होता आणि सुरू होत होता. त्याला काही झालेलंच नव्हतं, हे माझ्या हातांना कळत होतं, पण डोक्याला पटत नव्हतं.

तिकडून शिवलीलाचे फोन. तिची ड्युटी बदलती असायची, त्यामुळे आई-बाबांशी बोलायचा ठरलेला दिवस नव्हता. जेव्हा सवड मिळेल तेव्हा सकाळी लावायची, आठवड्यातून तीनदा, चारदा. त्यातल्या एखाद-दोन वेळा काका मोबाइल उचलून सांगायचे की आज लॅपटॉप सुरू झाला नाही, उद्या बोलू, आणि फोन ठेवायचे. की हिचा मला फोन.

“तू नेमकं करतेस तरी काय गं? पिठाची गिरणी चालवतेस का?”

मी हसण्यावारी न्यायची. ती हसायची नाही. एकदा म्हणाली, आई हल्ली पडद्यावर पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून बसते, थंडी वाजते म्हणते. बार्शीत एप्रिलमध्ये थंडी कधीपासून पडायला लागली? मी म्हटलं, वय झालं की वाजते एकेकाला. मग ती म्हणाली की ती नवा लॅपटॉप पाठवणार आहे. काकांनी नवा घ्यायला साफ नकार दिला होता, असलेला चांगला आहे म्हणाले होते. मी तिच्याकडे महिन्याची मुदत मागितली. शब्द दिला होता तो प्रश्न होताच, पण खरं सांगायचं तर हट्टही होता. एका जुन्या लॅपटॉपपुढे हात टेकले असं माझ्या पाटीखाली बसून मला म्हणायचं नव्हतं.

मी काकांना नवीन काम लावलं. म्हटलं, लॅपटॉप सुरू झाला नाही की खाडा मांडा. दुधाचा मांडता ना, तसाच.

आमच्याकडे घरोघरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो. ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या दिवसाच्या चौकोनात फुली मारायची, तो खाडा. हिंगमिरे काकांच्या कॅलेंडरवरचे खाडे तर छापल्यासारखे असायचे. माझं म्हणणं साधं होतं. बिघाड अधूनमधून येत असेल तर त्याची काही ना काही चाल असते. ढगाळ हवेत येतो, गरम झाला की येतो, वीज कमी-जास्त झाली की येतो. महिनाभराचे खाडे डोळ्यांसमोर आले की चाल सापडेल. काकांनी मान हलवली. जरा उशिरा हलवली, हे मला आता आठवतं.

मे महिन्यात एका रविवारी, दुकान बंद असताना, मी व्होल्टेज मोजायचं मीटर घेऊन त्यांच्या घरी गेले. रणरणती दुपार होती. दार प्रभावती काकूंनी उघडलं आणि मी दचकले. चार महिन्यांत त्या निम्म्या झाल्या होत्या. रंग काळवंडलेला, डोळ्यांखाली सूज, आणि अंगात तो पूर्ण बाह्यांचा स्वेटर. मी विचारलं तर म्हणाल्या, “वंगाळ ऊन पडलंय बाई, जेवण जात न्हाई.” मला त्यांनी तांब्याभर पन्हं दिलं. स्वतः छोट्याशा फुलपात्रातून पाण्याचा एक घोट घेतला आणि ते फडताळात झाकून ठेवलं. एवढ्या उन्हात एक घोट पिऊन कुणी पाणी झाकून ठेवतं का, हे विचारायचं मला सुचलं नाही. माझं सगळं लक्ष भिंतीतल्या प्लगकडे.

वीज व्यवस्थित होती. मी तिन्ही प्लग तपासले, लॅपटॉप प्रत्येकावर लावून पाहिला, प्रत्येकावर तो सुरू झाला. मग स्वयंपाकघरात गेले. फ्रिजशेजारी कॅलेंडर होतं.

आपल्या कॅलेंडरात वार डाव्या बाजूला एकाखाली एक छापलेले असतात आणि तारखा प्रत्येक वारापुढे आडव्या जातात. दुधाच्या फुल्या निळ्या शाईत होत्या. लॅपटॉपसाठी काकांनी लाल शाई वापरली होती. मी बोट ठेवून मोजायला लागले आणि बोट आडवं सरकत गेलं, खाली-वर गेलंच नाही. लाल फुल्यांची एक ओळ मंगळवारची. दुसरी शुक्रवारची. मी पान उलटून एप्रिल पाहिला. तिथेही याच दोन ओळी. बाकी सगळे वार कोरे. आणि प्रत्येक लाल फुलीशेजारी एक निळी फुली. ज्या दिवशी लॅपटॉप बंद, त्या दिवशी या घरात दूधही घेतलं जात नव्हतं.

मला दुकानातल्या खिळ्यावरच्या चिठ्ठ्या आठवल्या. प्रत्येकीवर वार लिहिलेला होता. मी एकदाही वाचला नव्हता. आणि एवढ्या चिठ्ठ्यांमध्ये ‘बटण दाबले’ असं कुठेच नव्हतं.

काका दारात उभे होते.

“काका,” मी म्हणाले, “यंत्राला वार कळत नाहीत.”

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला. ओट्यापाशी काकू होत्या. त्याच बोलल्या.

“घ्या आता. मी घसा कोरडा करून सांगत हुते, इकडंतिकडं मारा फुल्या, कुणाला कळतंय. पण एक खोटी फुली मारतील तर शपथ.”

“नोंद म्हणजे नोंद,” काका पुटपुटले.

काकू पाटावर बसल्या आणि त्यांनी स्वेटरची डावी बाही कोपराच्या वर सरकवली. हातावर एक शीर दोरखंडासारखी फुगलेली होती, तिच्यावर सुयांच्या जुन्या-नव्या खुणा, एक पट्टी अजून चिकटलेली. माझा हात धरून त्यांनी त्या शिरेवर ठेवला. आत सारखी बारीक घरघर चालू होती. मी घाबरून हात काढून घेतला.

मग दोघांनी मिळून सांगितलं. काकूंची दोन्ही मूत्रपिंडं जानेवारीतच जवळजवळ निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी साडेसहाच्या एसटीने दोघं सोलापूरला जायची. त्यासाठीच ऑपरेशन करून फुगवलेली ती शीर चार तास मशीनला लावून रक्त धुऊन घ्यायचं आणि संध्याकाळपर्यंत परत. गवळी यायच्या आत घर बंद, म्हणून दुधाचा खाडा. परत आल्यावर काकूंना मान धरून बसवत नसे, पडद्यासमोर कशा बसणार. बार्शीत करून घेतलं असतं तर तासाभरात सगळ्या गावाला कळलं असतं आणि दुसऱ्या तासाला पर्थला. पाणीसुद्धा मोजून होतं, दिवसाला चार फुलपात्रं.

“सुरुवातीला फोनवर काय सांगावं कळेना,” काका म्हणाले. “फेब्रुवारीत लॅपटॉप खरोखरच बंद पडत होता, तेव्हा तेच सांगितलं आणि ते खपलं. तू दुरुस्त केलास आणि माझी पंचाईत झाली.”

मला हसू यायला हवं होतं. मला रडू आलं, आणि रागही आला. मी विचारलं, शिवलीलाला का नाही सांगत? ती काय परकी आहे?

“परकी न्हाई म्हणूनच,” काकू म्हणाल्या. “मुलीचं मूत्रपिंड आईला बसतं असं डॉक्टर म्हणाले. ह्यांना साखरेचा आजार, ह्यांचं चालत न्हाई. शिवलीलाला कळलं की ती पळत यील आणि काढा म्हणंल. मी वळखते माझ्या पोरीला. सत्तावीस वर्षांची हाय ती, लग्न व्हायचंय, पोरंबाळं व्हायचीत. तिच्या पोटाला सुरी लावून मला जगायचं न्हाई.”

“आणि काकू, तुम्हाला काही झालं तर?”

“ते हुईल तवा हुईल. तू माझ्या गळ्याची शपथ घे. माझ्या दुखण्याचा एक शब्द तिच्याजवळ काढायचा न्हाई.”

मी शपथ घेतली. समोर ते शरीर, तो हात, मी दुसरं काय करणार होते. निघताना काका फाटकापर्यंत आले. म्हणाले, “एक विनंती आहे. तिला सांग, मदरबोर्ड गेलाय, आता हा कधी चालेल कधी नाही. तुझ्यावर तिचा विश्वास आहे. तू दुकानदार म्हणून सांगितलंस की ती विचारायचं थांबेल.” छत्तीस वर्षांत खोडरबर न वापरलेला माणूस मला हे सांगत होता, आणि सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. मी बरं म्हणाले.

शिवलीलाचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. गिरणी चालू होती, म्हणून मी फोन घेऊन दुकानाच्या मागच्या बोळात गेले. वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं. मदरबोर्ड गेलाय. दोनच शब्द. त्या दोन शब्दांनी ती नवा लॅपटॉप पाठवेल, काका दुसरं कारण शोधतील, आणि एक दिवस फोन येईल तो लॅपटॉपवर नसेल. मग ती मला विचारेल, वैजू, तुला माहीत होतं? हा प्रश्न मला बोळात उभ्या उभ्या स्पष्ट ऐकू आला. दुसऱ्या बाजूला काकूंच्या गळ्याची शपथ होती, आणि शिवलीलाचं पोट.

“गेली होतीस ना काल घरी? काय सापडलं?” ती म्हणाली.

मी आजवर मशीनबद्दल कुणाशी खोटं बोलले नव्हते. दुसरं काही माझ्यापाशी नव्हतं, दुकान छोटं, अनुभव वर्षाचा, पण जे बिघडलंय ते बिघडलंय म्हणायचं आणि जे धड आहे ते धड म्हणायचं, एवढं मी पाळलं होतं.

“लॅपटॉप ठणठणीत आहे,” मी म्हणाले. “त्यात काहीही बिघाड नाही. फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी तो सुरू होत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे एवढंच. बाबांनी खाडे मांडलेत, मी मोजले. सगळे मंगळवार आणि सगळे शुक्रवार.”

ती त्या स्वयंपाकघरात वाढली होती. ते कॅलेंडर तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

“आणि दुधाचे?” तिने विचारलं.

“तेच वार.”

मग अगदी हळू म्हणाली, “वैजू, आई स्वेटर का घालते?”

“मी शपथेवर आहे,” मी म्हणाले. “मला पुढचं काही विचारू नकोस.”

तिने विचारलं नाही. फोन ठेवला. मी बोळातच खाली बसले. गिरणीचा पट्टा भिंतीपलीकडे धडधडत होता.

पुढची हकिगत काकांनी खूप नंतर सांगितली. पुढच्याच आठवड्यातल्या मंगळवारी दोघं नेहमीप्रमाणे सोलापूरच्या एसटीत चढली. काकांनी काकूंना हाताला धरून आत आणलं. काकू नेहमी चढायच्या दाराजवळच्या सीटवर बसायच्या. तिथे खिडकीपाशी कुणी बाई ओढणी डोक्यावरून घेऊन बसली होती. ती सरकली नाही. काका म्हणाले, “बाई, जरा आत सरकता का, यांची तब्येत बरी नाही.” बाईने ओढणी काढली. शिवलीला होती. रविवारी मुंबईला उतरली होती, सोमवारी रात्री बार्शीत येऊन लॉजवर राहिली होती, घरी गेली नव्हती. दोन ठरलेले वार, झाकलेला हात आणि गवळ्याच्या आधी बंद होणारं घर, एवढ्यावरून इस्पितळात काम करणाऱ्या तिने दुखणं ओळखलं होतं, आणि सकाळची सोलापूरची एसटीही. “घरी गेले असते तर दोघांनी मला काहीतरी सांगून फसवलं असतं,” ती म्हणाली. बार्शी ते सोलापूर दोन तास तिघं एका सीटवर बसून गेली. काकू पूर्ण वाटभर तिला शिव्या देत होत्या आणि तिचा हात सोडत नव्हत्या.

माझ्याशी मात्र त्या घराने बोलणं टाकलं. काकूंनी निरोप पाठवला होता, वैजूला म्हणावं माझ्या दारात पाय ठेवू नकोस. काका रस्त्यात दिसले तर मान खाली घालून जायचे. शिवलीला यायची, कागदपत्रांच्या आणि तपासण्यांच्या धावपळीत दहा-पंधरा मिनिटं स्टुलावर बसायची. तिचं मूत्रपिंड जुळलं होतं. काकू चार महिने अडून बसल्या होत्या. शेवटी शिवलीला त्यांना म्हणाली की तू नाही म्हणालीस तरी मी परत जाणार नाही, इथेच बसून राहीन, लग्न तर मुळीच करणार नाही. मग काकूंनी होकार दिला.

पुण्याला नोव्हेंबरात ऑपरेशन झालं. त्या दिवशी मी दुकान उघडलं होतं, पण एकही काम हाती घेतलं नाही. एक जुनी रॅमची पट्टी घेऊन खोडरबराने सकाळपासून घासत बसले होते. शिवलीलाला काही झालं असतं तर ते माझ्या त्या एका वाक्याने झालं असतं, आणि मी ते कुणालाही सांगू शकले नसते. दुपारी तीन वाजता शिंप्याच्या फोनवर काकांचा निरोप आला, दोघी ठीक आहेत. माझ्या फोनवर करायला ते धजावले नसावेत. शिंपी म्हणाला, कोण दोघी? मी पट्टी आणि खोडरबर काउंटरवर ठेवून रडत बसले.

शिवलीला फेब्रुवारीत पर्थला परत गेली. मी स्टँडवर गेले होते, लांब उभी राहिले. काकू तोंडाला मास्क बांधून रिक्षात बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मग एप्रिल आला. एका दुपारी मी एका प्रिंटरमध्ये डोकं घालून बसले होते आणि काउंटरवर काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. कापडी पिशवी. मी वर पाहिलं. समोर काकू उभ्या होत्या. तोंडाला मास्क, अंगात स्वेटर नव्हता, साधं आखूड बाह्यांचं पोलकं, आणि डाव्या हातावरची ती शीर उघडी. काका खाली रस्त्यावर उभे होते, आत आले नाहीत.

काकूंनी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि माझ्याकडे सरकवला.

“आज वार काय?” त्यांनी विचारलं.

“मंगळवार.”

“लाव बटण.”

मी बटण दाबलं. दिवा लागला, पंखा खाकरला आणि गॅदरिंगमधली शिवलीला हसत आली. काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मग स्टूल ओढून बसल्या.

“मंगळवारी हुतोय म्हण की सुरू.”

“होतो काकू.”

“शिवलीला सगळं बोलली मला. दुखण्याचा एक शब्द काढला न्हाईस. नुसतं वार सांगितलंस.” त्या थांबल्या. “म्हणून तर जास्त राग आला हुता. शपथ मोडली असतीस तर भांडता तरी आलं असतं.”

मी म्हणाले, चुकलं असेल तर माफ करा. त्यांनी हात झटकला, जणू मी भलतंच काहीतरी विचारलं होतं.

“तिच्या पोटावर टाक्यांची खूण हाय,” त्या म्हणाल्या. “वीतभर. मी रोज तिला दाखव म्हणायची आणि बघितलं की रडायची. एके दिवशी मला म्हणाली, आई, तू मला जलम दिलास तवा तुझ्या पोटावर पडलेत तेवढेच टाके हायत, आता दोघी सारख्या झालो. काय बोलणार बाई अशा पोरीला.”

गिरणी सुरू झाली आणि दिवा मंद झाला. काकूंनी मास्क हनुवटीवर ओढला आणि पदराने कपाळ पुसलं. त्या दिवशीही मागच्या वर्षीसारखंच ऊन होतं.

“पाणी दे,” त्या म्हणाल्या.

माझ्याकडे चहाचे छोटे ग्लास होते, बाटलीतलं उकळून गार केलेलं पाणी मी त्यातल्या एकात जरासं ओतलं, त्यांचं मोजून पाणी पिणं लक्षात होतं म्हणून. काकूंनी ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मोजून नको,” त्या म्हणाल्या. “तांब्या असला तर तांब्या दे.”

मी आतून तांब्या आणला, बाटली त्यात रिकामी केली आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावला आणि न थांबता प्यायला सुरुवात केली. पाणी हनुवटीवरून ओघळून पोलक्यावर पडत होतं. काका रस्त्यावरून बघत होते. त्यांनी वरच्या खिशातलं पेन काढलं आणि, नोंदवायला काही नाही हे लक्षात येऊन, परत ठेवून दिलं.

काकूंनी तांब्या खाली ठेवला, श्वास घेतला आणि म्हणाल्या, “आणखी दे.”